त्वरिता : हाकेला धावून येणारीचं नाव

"बाई, नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. नवरात्रात, दुर्गाष्टमीला आम्हाला मुलगी झाली. 'त्वरिता' हे नाव माझ्या मनात बसलंय. पण सासूबाई म्हणतात, 'असलं कसलं गडबडीचं नाव? पोर जन्मभर पळतच राहील की!' त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे घरात मराठी-कानडी दोन्ही चालतं. नेटवर एका ठिकाणी अर्थ 'वेगवान' दिलाय, दुसरीकडे 'दुर्गा', आणि तिसरीकडे चक्क 'फारसी नाव' असं लिहिलंय. गुरुजींनी पत्रिकेवरून 'धा' अक्षर काढून दिलंय. हे नाव मूळचं कुठलं, अर्थ काय, किती जणींचं असतं आणि ठेवावं का, ते सविस्तर सांगाल का?"

सर्वात आधी तुमचं आणि बाळाचं अभिनंदन. नाव ठेवावं का, याचं उत्तर आधीच देऊन टाकते: जरूर ठेवा. मी शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलं आणि त्या निमित्ताने बारशाची नावं काढून देत आले. ऐकायला नवं वाटतं पण मुळात जुनं आहे, असं नाव क्वचित हाती लागतं. त्वरिता त्यातलं आहे. आणि सोलापूरकरांना तर ते आपल्याच आईचं नाव वाटायला हवं. ते कसं, हे तुम्ही सासूबाईंना वाचून दाखवाल असं धरूनच सांगते.

आपल्यापासून पंचेचाळीसेक किलोमीटरवर तुळजापूर. तिथल्या भवानीच्या नावाची कथा अशी सांगतात. कृतयुगात कर्दम नावाचे ऋषी होते, त्यांची बायको अनुभूती. कर्दमऋषी वारले तेव्हा तिने सती जायचं ठरवलं, पण पदरात लहान मूल होतं म्हणून ती मागे राहिली आणि बालाघाटाच्या डोंगरात, मंदाकिनीच्या काठी तप करायला बसली. कुकुर नावाच्या दैत्याची तिच्यावर नजर गेली. तो तिचा तपोभंग करायला आला, तेव्हा अनुभूतीने देवीला हाक मारली. देवी त्वरित धावून आली. तिने दैत्याशी युद्ध केलं, त्याने महिषाचं रूप घेतलं तेव्हा त्याला मारलं, आणि अनुभूतीच्या विनंतीवरून त्याच यमुनाचल डोंगरावर राहिली. हाक मारताच आली म्हणून ती त्वरिता. त्वरितेची झाली तुरजा, आणि तुरजेची तुळजा. तुळजापूरचं माहात्म्य सांगणारे पुजारी, गोंधळी, कीर्तनकार सगळे हेच सांगतात. देवीच्या मूर्तीच्या पायाशी तप करणारी एक स्त्री कोरलेली आहे, ती हीच अनुभूती असं मानतात.

ही कथा मला फार जवळची वाटते. नवरा गेलेली, मूल पदरात असलेली, रानात एकटी बसलेली बाई संकटात सापडते आणि तिच्या एका हाकेवर देवी येते. कुठल्या राजाच्या यज्ञाला नाही, देवांच्या सभेलाही नाही, एका बाईच्या हाकेला. त्वरिता या नावात घाई आहे ती या जातीची. आईला लेकराचं रडणं ऐकू आलं की ती हातातलं काम टाकून उठते, तेव्हा तिला आपण उतावळी म्हणत नाही. सासूबाईंना हा अर्थ सांगा. त्यांच्या माहेरच्या बाजूनेही दरवर्षी माणसं तुळजापूरला येतात. कर्नाटकातून अंबाभवानीला चालत येणाऱ्यांची संख्या काही कमी नाही, त्यामुळे त्यांना ही देवी परकी नाही. फक्त तिचं हे नाव त्यांच्या कानावरून गेलं नसेल.

आणि 'जन्मभर पळत राहील' याचंही उत्तर तुळजापुरातच आहे. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा तिला सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. भाद्रपद वद्यात नवरात्राच्या आधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. युद्ध करून दमल्यावर हक्काची झोप घेणारं हे दैवत आहे. तुमची मुलगी अष्टमीची, म्हणजे तिच्या जन्मानंतर काही दिवसांतच आई श्रमनिद्रेला गेली असणार. धावून येणारी देवी विसावाही घेते, हे आजीला नक्की पटेल.

आता व्याकरणाचं. संस्कृतात 'त्वर्' असा धातू आहे, त्याचा अर्थ घाई करणे, वेगाने जाणे. त्याच्यापासून 'त्वरा' हे नाम आणि 'त्वरित' हे विशेषण. त्याचं स्त्रीलिंगी रूप त्वरिता. पाणिनीने या धातूला दोन रूपं मान्य केली आहेत, एक 'त्वरित' आणि दुसरं 'तूर्ण'. म्हणजे त्व चा तू होणं हे व्याकरणातच बसतं. आपण मराठीत 'तूर्त' म्हणतो, हिंदीत 'तुरंत' म्हणतात, ते याच कुळातले शब्द. घोड्याला तुरग किंवा तुरंग म्हणतात, त्यातला 'तुर' म्हणजेही वेगवान. हे सगळं पाहिलं की त्वरिता-तुरजा हे नातं नुसतं ओढूनताणून लावलेलं वाटत नाही. र चा ल किंवा ळ होणं तर आपल्या भाषांत नित्याचंच आहे. शेवटचा 'जा' मात्र त्वरितेतून सरळ निघत नाही, त्यामुळे तुळजा हा शब्द भाषाशास्त्राच्या काटेकोर नियमाने त्वरितेपासूनच आला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. ती परंपरेने दिलेली व्युत्पत्ती आहे. पण नाव ठेवताना आपण परंपराच पुढे नेत असतो, आणि त्या परंपरेत त्वरिता आणि तुळजा एकच आहेत.

फारसीचं मात्र डोक्यातून काढून टाका. हे नाव धातूपासून प्रत्ययापर्यंत संस्कृत आहे. नावांची संकेतस्थळं एकमेकांची यादी उतरवून घेतात, एकाने चूक केली की ती सगळीकडे पसरते. तिथेच खाली 'शुभ अंक', 'शुभ रंग', 'या नावाच्या मुली स्वभावाने अशा असतात' वगैरे लिहिलेलं असतं, त्याचीही तीच गत.

'दुर्गा' हा अर्थ दिलाय तो बरोबर आहे, पण अर्धवट. तुळजापूरच्या कथेच्या बाहेरही त्वरिता नावाची एक स्वतंत्र देवी आहे. अग्निपुराणात तिच्या पूजेवर आणि मंत्रावर एकापेक्षा जास्त अध्याय आहेत. श्रीविद्या या देवीच्या तांत्रिक उपासनेत ललिता या मुख्य देवीभोवती पंधरा नित्या, म्हणजे तिच्या परिवारातल्या देवी, सांगितल्या आहेत, प्रत्येक तिथीची एक. कामेश्वरीपासून सुरुवात होते आणि चित्रेवर शेवट. त्यातली आठवी त्वरिता. आठवी म्हणजे अष्टमीची! तुम्ही हे पाहून नाव निवडलं नसेल, पण अष्टमीला जन्मलेल्या मुलीला त्वरिता हे नाव इतकं नेमकं बसतं की मला प्रश्न वाचतानाच आनंद झाला.

आणि हिचं रूप पाहा कसं आहे. ध्यानाच्या श्लोकात तिचं वर्णन येतं ते रानातल्या भिल्लिणीसारखं. रंगाने सावळी, डोक्यावर मोरपिसांचा तुरा, अंगावर झाडाच्या पानांचं वस्त्र, गळ्यात गुंजांच्या माळा आणि दागिन्यांच्या जागी आठ नाग. तिला कैराती म्हणजे किरातांची स्त्री असंही म्हणतात. सोनं-मोती नाही, रेशीम नाही. जे रानात मिळतं तेच तिचं लेणं. आपल्याकडे मुलीच्या नावात गोरेपणा, चांदणं, कमळ, सोनं यांची इतकी गर्दी आहे की एका सावळ्या, पानं नेसलेल्या, मोरपीस लावलेल्या देवीचं नाव मुलीला मिळावं याचं मला अप्रूप वाटतं. कुणी तुम्हाला सांगेल की ही तंत्रातली देवता, उग्र असते, नाव ठेवू नका. तसं म्हटलं तर भवानीही उग्र, दुर्गाही उग्र, आणि त्या नावांच्या बायकांनी आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या संसार केले आहेत. त्वरितेची ख्याती लवकर फळ देणारी अशी आहे. काळजीचं काही कारण नाही.

मुलीच्या नावाबद्दल जुन्या ग्रंथांत काही नियम दिले आहेत, तेही लावून पाहू. पारस्कर गृह्यसूत्र म्हणतं, मुलीच्या नावात विषम संख्येची अक्षरं असावीत आणि शेवटी 'आ' असावा. त्व-रि-ता, तीन अक्षरं, शेवटी आ. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात म्हटलंय की स्त्रीचं नाव म्हणायला सोपं, कठोर नसलेलं, अर्थ स्पष्ट असलेलं, मनाला आवडणारं, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेलं असावं. (त्याच मनुस्मृतीत पुढे नक्षत्र, झाड किंवा नदी यांचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये असंही आहे. आपल्या गंगा, गोदावरी, रोहिणी आणि तुळशींनी ते कधीच मनावर घेतलं नाही, हे चांगलंच झालं.) यातल्या बाकीच्या कसोट्यांना त्वरिता उतरते, पण पहिल्या कसोटीवर, 'म्हणायला सोपं' इथे, थोडी अडते. नावाची खरी अडचण आहे ती हीच, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

सुरुवातीलाच 'त्व' हे जोडाक्षर आलं की बोलणारा अडखळतो. आमच्या वर्गात हजेरी घेताना मी कॅटलॉगमधून पाहिलंय, जोडाक्षराने सुरू होणाऱ्या नावाची घरीदारी फोड होते. त्वरितेची 'तवरिता' होईल, पेठेतली एखादी म्हातारी 'तोरिता' म्हणेल, तीन वर्षांची चुलत बहीण 'तरिता' म्हणून मोकळी होईल. जीभ वरच्या दातांच्या मागे टेकवून 'त्' म्हणायचं आणि मध्ये अ येऊ न देता लगेच ओठ 'व' कडे न्यायचे. 'तत्त्व', 'महत्त्व' म्हणताना आपण हे बिनचूक करतो, पण तिथे आधी एक अक्षर असतं, त्यामुळे जिभेला आधार मिळतो. शब्दाच्या सुरुवातीला तो आधार नसतो, म्हणून जड जातं. 'त्वचा' ज्याला नीट म्हणता येतं त्याला त्वरिता म्हणता येईल. घरातल्या सगळ्यांनी सुरुवातीपासून नीट उच्चार केला तर मूल स्वतःच तो शिकतं आणि मग शाळेत इतरांना दुरुस्त करतं. घरातच तोरिता झाली तर मात्र बाहेर कोण काय म्हणतं यावर तुमचा ताबा राहणार नाही.

सोलापुरात या नावाला एक गंमतीचा आधार आहे. आपल्या पूर्वभागातल्या तेलुगू घरांत लवकर ये म्हणायचं तर 'त्वरगा रा' म्हणतात. तिथे हा 'त्व' रोजच्या बोलण्यात आहे, बायाबापड्यांच्या तोंडात आहे. पद्मशाली शेजारीण तुमच्या मुलीचं नाव तुमच्या मराठी मावशीपेक्षा स्वच्छ उच्चारेल, बघा. अर्थात तिलाही ऐकल्याबरोबर 'लवकर' हाच अर्थ आधी आठवणार. कानडीत 'त्वरित' हा शब्द आहे, पण तो पुस्तकी. बोलताना लवकरला 'बेगा' म्हणतात. त्यामुळे सासूबाईंना जो 'गडबडीचा' वास आला तो बहुधा मराठीतून आला असावा, सरकारी पत्रावरच्या 'त्वरित कार्यवाही'तून. मराठीत या शब्दाला कचेरीचा शिक्का बसलाय, हे मान्य करायला हवं. पण नाव रुळलं की शब्दाचा रोजचा अर्थ मागे पडतो. क्षिप्रा हे नाव घ्या. उज्जैनच्या नदीचं नाव, आणि 'क्षिप्र' म्हणजेही वेगवानच. क्षिप्रा नावाच्या मुलीला कुणी घायकुती म्हणत नाही. मनोजवा, म्हणजे मनासारखी वेगवान, हे तर उपनिषदात अग्नीच्या सात जिभांपैकी एकीचं नाव आहे.

लाडाच्या नावाचं आत्ताच ठरवा. तुम्ही ठरवलं नाही तर गल्ली ठरवते. त्वरितेचं सहज होणारं लहान रूप म्हणजे 'तुरी', आणि ते मी टाळीन. आपला जिल्हा तुरीच्या डाळीचा, 'हातावर तुरी दिल्या' हा वाक्प्रचार पोराटोरांच्या तोंडी, शाळेत चिडवायला आयतंच साधन होईल. घरी 'रिता' म्हणू नका, मराठीत रिता म्हणजे रिकामा. 'त्वरा' चांगलं आहे, पण तेही जोडाक्षरच. मला विचाराल तर आजीला सरळ 'तुळजा' म्हणू द्या. त्यांना आवडेल, मुलीला दोन्ही नावं आपली वाटतील, आणि नावाचं मूळही रोज घरात बोललं जाईल.

तुळजा हे नावही पूर्वी आपल्याकडे भरपूर होतं. जुन्या पिढीत तुळजाबाई असत, तुळजाराम असत. देवीचं नाव पुरुषांना देण्याची रीत तर थेट राजघराण्यापर्यंत गेली होती. तंजावरच्या भोसल्यांमध्ये तुळजाजी नावाचे दोन राजे झाले, त्यातले दुसरे १७६३ मध्ये गादीवर आले आणि १७८७ मध्ये वारले. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, तमिळ मुलखात राज्य करतानाही त्या घराण्याने कुलदेवीचं नाव सोडलं नाही.

मग त्वरिता हेच रूप दुर्मीळ का राहिलं? माझ्या मते, देवीचं संस्कृत नाव पोथीत राहिलं आणि लोकांच्या तोंडी तुळजा, भवानी, अंबा ही नावं रुळली. बायकांची नावं ओव्यांतून आणि गोंधळातून येत, पोथीतून नव्हे. पुढे संस्कृत नावांची आवड वाढली, तेव्हा लोकांनी सोपी आणि गोड वाटणारी उचलली. त्वरिता जोडाक्षरामुळे आणि त्या कचेरीच्या शिक्क्यामुळे मागे पडली असावी.

किती जणींचं असतं, याचा आकडा तुम्हाला कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत तिथलं सामाजिक सुरक्षा खातं १८८० पासूनच्या नावांची वर्षवार यादी प्रसिद्ध करतं, कुठलं नाव कितव्या क्रमांकावर ते सांगतं, आणि पाचपेक्षा कमी बाळांना ठेवलेली नावं त्यातून वगळतं. आपल्याकडे जन्मांची नोंद होते, जन्मांचे आकडे छापले जातात, पण नावांची अशी क्रमवारी सरकार काढत नाही. त्यामुळे 'भारतात या क्रमांकाचं लोकप्रिय नाव' असं जिथे लिहिलेलं असतं ते त्या संकेतस्थळावर किती जणांनी ते नाव शोधलं यावरून काढलेलं असतं. माझा अनुभव विचाराल तर सोलापुरातल्या शाळांच्या हजेरीत त्वरिता अगदी विरळा. वर्गात स्वरा, श्रावणी, आराध्या, अनन्या यांच्या जोड्या असतात, मग त्यांना आडनावाच्या आद्याक्षराने हाक मारावी लागते. तुमच्या मुलीवर ती वेळ यायची नाही. पण दुर्मीळ आहे एवढ्याच कारणाने नाव ठेवू नका असं मी सगळ्यांनाच सांगते. हल्ली एक अक्षर आईच्या नावातलं, दोन बाबांच्या नावातली घेऊन नाव जुळवतात आणि मग त्याला अर्थ शोधत बसतात. त्वरितेला अर्थही आहे आणि कथाही आहे, दुर्मीळपणा तिला वरून मिळालाय.

गुरुजींनी दिलेल्या 'धा' अक्षराचं काय, ते सांगते. धा हे पूर्वाषाढा नक्षत्राच्या दुसऱ्या चरणाचं अक्षर, धनू रास. अश्विनातल्या अष्टमीला चंद्र त्याच भागात असतो, तेव्हा गुरुजींचं गणित बरोबर दिसतंय. त्वरिता त्या अक्षरात बसत नाही, आणि बसायची गरजही नाही. धर्मसिंधू या धर्मशास्त्राच्या ग्रंथात एका बाळाची चार नावं सांगितली आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. अक्षराचा संबंध नाक्षत्रनामाशी. ते पत्रिकेत लिहायचं, संकल्पाला वापरायचं. व्यवहारातलं नाव आईबापांनी आवडीने ठेवायचं. तेव्हा पत्रिकेत 'धात्री' किंवा 'धारिणी' लिहा आणि पाळण्यात त्वरिता ठेवा. धात्री म्हणजे सांभाळणारी, पृथ्वी. दोन्हींत मला तेच जास्त आवडतं. पुढे कुणी नावरास पाहिली तर जोडाक्षरातलं पहिलं अक्षर धरतात, म्हणजे त, आणि ती तूळ येते. वर्तमानपत्रातलं भविष्य वाचताना घरात वाद होऊ नये म्हणून हे आधीच सांगून ठेवलं.

आता कागदपत्रं. इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण नावाचं शुद्धलेखन बिघडलं की पुढे वीस वर्षं प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायची असते, ती बहुधा दवाखान्याकडून झालीच असेल. नोंदीत नाव घातलं नसेल तर पहिल्या १२ महिन्यांत ते विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणजे घाईने काहीतरी लिहून देण्याची गरज नाही. पण एकदा लिहिलं की ते पक्कं समजा. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदललाय, त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट सगळ्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. तेव्हा महापालिकेतून दाखला हातात घेण्यापूर्वी पडद्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

मराठीत 'त्वरिता' यातली रि ऱ्हस्व. 'त्वरीता' अशी दीर्घ वेलांटी हमखास घालतील, ती चूक आहे. इंग्रजीत टीनंतर व्ही घालायचा की डब्ल्यू, हे घरात ठरवा. माझं मत व्हीकडे, कारण तो मूळ उच्चाराच्या जवळ आहे. डब्ल्यू घातला की परगावची माणसं 'ट्वरिता' वाचतात. आणखी एक, सोलापुरात तेलुगू-कानडी पद्धतीने त साठी टीनंतर एच लावतात, ललिता, सुनीता तशाच लिहितात. त्या सवयीने तुमच्याही मुलीच्या नावात शेवटी एच घुसेल. लावायचा तर लावा, चूक नाही, पण मग आधारपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळीकडे तोच ठेवा. आणि जिथे इंग्रजीत टाइप केल्यावर मराठी आपोआप उमटतं तिथे ते जे उमटेल ते तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे महाराष्ट्रात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. म्हणून त्वरितेच्या लगेच मागे तुमचं नाव येणार. दोन्ही मोठ्याने एका दमात म्हणून पाहा. तुमचं नाव 'आ' किंवा 'अ' ने सुरू होत असेल तर 'ता'चा आ त्यात मिसळतो, नाव पुकारणाऱ्याने मध्ये श्वास घेतला नाही तर दोन नावांचं एकच होतं. इतकी अडचण असेल तर तेवढ्यासाठी नाव बदलू नका, फक्त मुलीला स्वतःचं पूर्ण नाव सांगताना थांबून सांगायला शिकवा.

बारसं अजून व्हायचंय ना? कोजागरीला आपल्या इथून लाखो माणसं तुळजापूरच्या वाटेवर चालत असतात, त्यांच्यात तुमच्या घरचं कोणी जात असेल तर बाळाच्या नावाने ओटी पाठवा. जमलं नाही तर इथे रूपाभवानीला न्या, ती तुळजापूरच्या आईचंच रूप. आणि आत्याला नाव आधीच कळवून ठेवा. पाळण्याभोवती बायकांचा गलका सुरू झाला, पाठीवर धपाटे बसायला लागले की चांगल्या-चांगल्यांची जीभ अडखळते. तिने दोन दिवस आधीपासून 'त्वरिता' म्हणायची सवय केली तर बरं. बाळाच्या जन्मवेळेत काही मिनिटांचा फरक पडत असेल आणि चरण बदलत असेल, तर गुरुजींकडून अक्षर पुन्हा तपासून घ्या आणि मला कळवा. 'भू' आलं तर भूमिजा, 'फा' आलं तर फाल्गुनी सुचवीन. त्वरिता मात्र तशीच ठेवा.